बारावीच्या वहीतला स्टॅक आणि लायब्ररीतला स्टॅक

बारावी सायन्सला बायफोकल म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांना स्टॅक एकाच वर्षात दोनदा भेटतो. पहिल्या पेपरात डेटा स्ट्रक्चर्सच्या धड्यात, आणि दुसऱ्या पेपरात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या धड्यात. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कुठल्याही क्लासच्या नोट्स उघडा, दोन्हीकडे पुश आणि पॉप हेच शब्द आणि दोन्हीकडे ‘लास्ट इन, फर्स्ट आउट’ हीच व्याख्या. पण पेपर वेगळे, वह्या वेगळ्या, बऱ्याचदा शिकवणारे सरही वेगळे. त्यामुळे ही एकच गोष्ट आहे हे सांगायचं राहून जातं. पुढे इंजिनिअरिंगला किंवा बी.एस्सी. आयटीला गेल्यावर तिसरा स्टॅक समोर येतो, लायब्ररीतला, तयार. आतली यंत्रणा पाठ असूनही मुलं इथे अडखळतात, कारण लायब्ररी लिहिणाऱ्यांनी काही निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात आणि ते व्याख्येत लिहिलेले नसतात. हा लेख मुख्यतः त्या निर्णयांबद्दल आहे.

आधी व्याख्या नजरेसमोर आणू. पुस्तकात ताटांची चळत असते. उपनगरात राहणाऱ्याला त्याहून चांगलं उदाहरण सोसायटीच्या आवारातच सापडेल. जुन्या इमारती पाडून टॉवर झाले, गाड्या वाढल्या, जागा तेवढीच राहिली, म्हणून बिल्डरनं दुमजली ‘स्टॅक पार्किंग’ दिलं. एक गाडी पत्र्याच्या फळीवर चढवायची, बटण दाबून वर उचलायची आणि तिच्याखाली दुसरी लावायची. साध्या, खड्डा नसलेल्या प्रकारात वरची गाडी काढायची असेल तर खालची आधी बाहेर निघालीच पाहिजे. म्हणून तर वॉचमनकडे दोन्ही घरांच्या किल्ल्या असतात. शेवटी आलेली गाडी आधी बाहेर, दुसरा मार्ग नाही. तिसरी गाडी आली तर जागा नाही, हा ओव्हरफ्लो. दोन्ही जागा रिकाम्या असताना कोणी गाडी मागितली तर तो अंडरफ्लो. गंमत अशी की या स्टॅकचा ‘टॉप’ जमिनीवर आहे. टॉप म्हणजे उंचीवरची जागा नव्हे, जिथून पुढची वस्तू निघणार ती जागा.

हे ध्यानात ठेवलं की ८०८५ चा धडा सोपा होतो. इंटेलच्या १९७६ सालच्या या चिपमध्ये स्टॅकसाठी वेगळी जागा नाही. नेहमीच्याच मेमरीचा एक तुकडा आपण त्यासाठी ठरवायचा आणि त्याचा पत्ता स्टॅक पॉइंटर या १६ बिटांच्या रजिस्टरात भरायचा. पुश केलं की पॉइंटर एकनं कमी होतो आणि जोडीतला वरचा बाइट तिथे जातो, पुन्हा एकनं कमी होतो आणि खालचा बाइट जातो. म्हणजे स्टॅक वाढतो तसा पत्ता उतरत जातो. पॉप करताना नेमकं उलट. बी आणि डी या जोड्या या क्रमानं पुश केल्या तर परत घेताना आधी डी, मग बी. क्रम चुकला तरी चिप तक्रार करत नाही. दोन्ही जोड्यांतले आकडे गुपचूप अदलाबदल होतात आणि प्रोग्रॅम चुकीचं उत्तर ठामपणे देतो.

सबरुटीनला कॉल केलं की परत कुठे यायचं तो पत्ताही याच स्टॅकवर ठेवला जातो आणि रिटर्न आला की तिथूनच उचलला जातो. सबरुटीनमध्ये एक पुश जास्त झाला आणि पॉप राहून गेला, तर रिटर्न त्या भलत्याच आकड्याला पत्ता समजून तिकडे निघून जातो.

पहिल्या पेपरातला स्टॅक दिसायला सभ्य. एक अ‍ॅरे घ्यायचा, समजा पाच घरांचा, आणि ‘टॉप’ नावाचा एक पूर्णांक, सुरुवातीला उणे १. पुश करताना टॉप ४ झालेला नाही ना ते बघायचं, मग टॉप एकनं वाढवून त्या घरात आकडा लिहायचा. पॉप करताना टॉप उणे १ नाही ना ते बघायचं, मग त्या घरातला आकडा वाचून टॉप एकनं कमी करायचा. अनेकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: पॉप केल्यावर आकडा पुसला जात नाही, घरात तसाच पडून राहतो. आपण फक्त त्याच्याकडे बघायचं बंद करतो. आकड्यांच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. जावामध्ये मात्र त्या घरात एखाद्या मोठ्या ऑब्जेक्टचा पत्ता असेल तर ते ऑब्जेक्ट वापरात आहे असं समजून मेमरीतून काढलंच जात नाही. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात मेमरी गळण्याचं उदाहरण म्हणून असा हातानं लिहिलेला स्टॅकच दिला आहे. लायब्ररीतला स्टॅक ते घर रिकामं करून मगच पुढे जातो. तयार वस्तू वापरण्याचं एवढं कारणही पुरेसं आहे.

मग बारावीत ती का वापरत नाहीत? परीक्षेत आतली रचना विचारतात हे एक. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं निळ्या पडद्याचं टर्बो सी प्लस प्लस. ते नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचं. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची टेम्प्लेट लायब्ररी सी प्लस प्लसच्या प्रमाणात घ्यायचं ठरलं १९९४ मध्ये, आणि ते प्रमाण प्रसिद्ध झालं १९९८ मध्ये. ज्या कंपायलरच्या जन्मावेळी स्टॅक लायब्ररीत आलेलाच नव्हता त्यावर तो शिकवणार कसा?

त्या लायब्ररीतला स्टॅक उघडला की पहिला धक्का पॉपचा बसतो. वहीतला पॉप काढलेली वस्तू हातात देतो. सी प्लस प्लसचा पॉप काहीच देत नाही, नुसता काढून टाकतो. वस्तू हवी असेल तर आधी ‘टॉप’ म्हणून बघून घ्यायची, मग पॉप म्हणायचं. एकाच्या जागी दोन ओळी. हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. पॉपनं वस्तू परत द्यायची ठरवली तर ती स्टॅकवरून काढल्यावर तिची प्रत आपल्यापर्यंत पोचवावी लागणार. वस्तू मोठी असेल आणि प्रत करताना मेमरी अपुरी पडली तर? ती स्टॅकवरून तर गेली, आणि आपल्या हातीही आली नाही. बघणं आणि काढणं वेगळं ठेवलं की प्रत करताना गडबड झाली तरी मूळ वस्तू जागेवर शाबूत राहते. टॉप नुसता संदर्भ देतो, त्यामुळे बघण्यासाठी प्रत करण्याचीही गरज नाही.

दुसरा निर्णय जरा लपलेला आहे. सी प्लस प्लसचा स्टॅक स्वतः काही साठवत नाही. तो अ‍ॅडॅप्टर आहे. आत डीफॉल्ट म्हणून ‘डेक’ असतो, म्हणजे दोन्ही टोकांनी वाढणारी रचना. आपण सांगितलं तर त्या जागी व्हेक्टर किंवा लिस्ट बसते. स्टॅक फक्त दारावर उभा राहतो आणि पुश, पॉप, टॉप, रिकामा आहे का, किती आहेत, एवढ्याच विनंत्या आत जाऊ देतो. तिसरी वस्तू कोणती? सांगणार नाही. सगळ्या ओळीनं छापून दे? नाही. नवशिक्या चिडतो, पण मला यात लायब्ररीची खरी किंमत दिसते. मधल्या वस्तूला कोणी हात लावू शकत नाही हे ठाऊक असलं की चूक शोधताना फक्त पुश आणि पॉपच्या ओळी तपासाव्या लागतात. अ‍ॅरे उघडा असेल तर कोणत्याही ओळीवर संशय घ्यावा लागतो.

रिकाम्या स्टॅकच्या बाबतीत मात्र हीच लायब्ररी बेफिकीर आहे. रिकामा असताना टॉप किंवा पॉप केलं तर काय होईल ते प्रमाणात ठरवलेलंच नाही. प्रोग्रॅम बंद पडेल, कचरा आकडा देईल किंवा आज चालेल आणि उद्या नाही. बारावीच्या वहीतली ती अंडरफ्लोची तपासणी इथे आपल्यालाच लिहावी लागते.

जावानं सगळंच उलट केलं. तिथे १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्टॅक नावाचा क्लास आहे, पॉप वस्तू परत देतो, आणि रिकाम्यावर पॉप केलं तर स्वच्छ एक्सेप्शन येतं. पण तो क्लास व्हेक्टरपासून वारसा घेतो, म्हणून व्हेक्टरची सगळी कामं त्यालाही येतात: तळातलं काढा, मध्ये घुसवा, तिसरं दाखवा. दारावर कोणीच नाही. वर व्हेक्टरची प्रत्येक क्रिया अनेक थ्रेड एकाच वेळी येतील असं धरून कुलूप लावून चालते, एकटा थ्रेड असला तरी. ब्लॉक यांनी वारसा चुकीच्या जागी वापरल्याचं उदाहरण म्हणून याच क्लासकडे बोट दाखवलं आहे. जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून तो काढताही येत नाही. जावाचं अधिकृत दस्तऐवजच आता डेक वापरा असं सुचवतं, आणि त्यासाठी २००६ च्या जावा ६ मध्ये अ‍ॅरेडेक हा क्लास आला.

एकाच्या जागी दुसरा घालताना मात्र सावध राहायला हवं. जुना स्टॅक ओळीनं छापला तर तळापासून वर छापला जातो. अ‍ॅरेडेक वरून तळाकडे. रिकामा असताना ‘पीक’ केलं, म्हणजे नुसतं वर काय आहे ते पाहिलं, तर जुना एक्सेप्शन टाकतो, नवा मुकाट्यानं नल देतो. म्हणूनच अ‍ॅरेडेकमध्ये नल ठेवायला मनाई आहे, नाहीतर ‘रिकामा’ आणि ‘वर नल आहे’ यांतला फरक कळणार कसा? पायथॉनमध्ये तर वेगळा स्टॅक घ्यायचीच गरज नाही. साधी लिस्ट, शेवटी अपेंड, शेवटून पॉप. फक्त पॉपला शून्य हा क्रमांक देऊन पुढच्या टोकानं काढू नये, कारण मग उरलेली प्रत्येक वस्तू एकेक घर सरकवावी लागते.

आता स्टॅक कामाला लावू. शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेल्या कोणालाही १२ + ८ × (५ − २) याचं उत्तर ३६ येईल. पण आपण डोळ्यांनी पुढे-मागे बघतो. कॉम्प्युटर पदावली डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो, मग अधिकचं चिन्ह दिसल्यावर ते लगेच करायचं नाही हे त्याला कसं कळावं? १९५७ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी स्टॅकच्या कल्पनेवर पेटंटचा अर्ज केला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात चार्ल्स हँब्लिन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली. तिघांसमोर प्रश्न हाच होता, पदावल्यांचा. नेदरलँड्सच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ च्या अहवालात मांडलेली रीत शंटिंग यार्ड या नावानं ओळखली जाते, आणि मुंबईकराला शंटिंग म्हणजे काय ते सांगायला नको. आकडे मेन लाइननं सरळ पुढे जातात, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबतात. तो बाजूचा रूळ म्हणजे स्टॅक.

वाचत जाऊ. १२ आला, पुढे गेला. अधिक आलं, स्टॅकवर. ८ पुढे गेला. गुणिले आलं. वर अधिक बसलं आहे, ते गुणिलेपेक्षा कमी मानाचं, म्हणून गुणिले त्याच्यावर बसलं. उघडता कंस आला, तोही स्टॅकवर. ५ पुढे. वजा आलं, वर कंस आहे, कंसाच्या आतला हिशेब वेगळा, म्हणून वजा बसलं. २ पुढे. बंद कंस आला: उघडता कंस दिसेपर्यंत पॉप करत राहायचं. वजा निघून पुढे गेलं, कंस टाकून दिला. पदावली संपली, उरलेलं सगळं पॉप: आधी गुणिले, मग अधिक. पुढे गेलेली माळ झाली १२ ८ ५ २ − × +. कंस गायब, आणि कंचेभागुबेवचा सगळा नियम चिन्हांच्या क्रमात मुरलेला.

समान मानाच्या चिन्हांसाठी एक बारकावा लागतो. १० − ४ − ३ मध्ये दुसरं वजा येतं तेव्हा वर पहिलं वजा बसलेलं असतं. अशा वेळी वरचं आधी काढायचं, मग नवं ठेवायचं. नाहीतर आधी ४ − ३ होईल आणि उत्तर ३ ऐवजी ९ येईल.

ही माळ सोडवायला दुसरा स्टॅक, या वेळी आकड्यांचा. आकडा दिसला की पुश. चिन्ह दिसलं की दोन पॉप, हिशेब, उत्तर पुश. १२, ८, ५, २ चढले. वजा आलं: पहिला पॉप २ देतो, दुसरा ५. आधी निघालेला आकडा उजवीकडचा असतो, म्हणून ५ − २ करायचं. ३ परत चढले. गुणिले: ८ × ३, २४ चढले. अधिक: १२ + २४, ३६. शेवटी स्टॅकवर नेमका एकच आकडा उरला पाहिजे. दोन उरले तर पदावलीत कुठेतरी चिन्ह कमी आहे. दोन पॉपची अदलाबदल केली तर बेरीज-गुणाकारात काहीच फरक पडत नाही, आणि म्हणून चूक लपून राहते. आपल्या उदाहरणात वजाबाकी आहे, तिथे ३ ऐवजी उणे ३ येईल आणि शेवटचं उत्तर उणे १२. तपासणीसाठी पदावली निवडताना वजाबाकी किंवा भागाकार असलेलीच घ्यावी.

काही स्टॅक आपण न मागताच मिळतात. कांजूरमार्गहून पश्चिमेला किंवा अंधेरीहून पूर्वेला निघालं की पवई लागते. तिथल्या आयआयटी मुंबईत प्रा. अभिराम रानडे यांनी नवशिक्यांसाठी सिंपल-सीपीपी ही लायब्ररी तयार केली. सी प्लस प्लस शिकवणारं त्यांचं पुस्तक तिच्याच आधारानं चालतं. त्यात पडद्यावर एक कासव असतं. पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ असं सांगितलं की ते रेघ ओढत जातं, आणि ‘रिपीट’ म्हणून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देता येते. या कासवाकडून झाड काढून घेणं हा रिकर्शन शिकण्याचा उत्तम मार्ग आहे: खोड काढ, डावीकडे वळून लहान झाड काढ, उजवीकडे वळून लहान झाड काढ. लहान झाडाची कृती तीच, फक्त लांबी कमी.

दहा पातळ्यांच्या झाडात एकूण १,०२३ रेघा येतात, पण कोणत्याही क्षणी अर्धवट राहिलेले कॉल दहाच्या वर नसतात. त्यांची लांबी, त्यांचा परतीचा पत्ता हे सगळं कॉल स्टॅकवर ठेवलेलं असतं. ८०८५ मधला कॉल-रिटर्न तोच हा. डावी फांदी पूर्ण झाली की खोडाची लांबी आपोआप परत मिळते. कासव मात्र परत येत नाही! ते फांदीच्या टोकाशीच उभं राहतं, कारण त्याची जागा कॉलच्या चलांत नाही, पडद्यावर आहे. त्याला उलट पावली खोडाच्या बुंध्याशी आणायच्या ओळी आपण लिहाव्या लागतात. त्या विसरल्या की झाडाऐवजी कोळिष्टक दिसतं.

कॉल स्टॅकची जागा ठरीव असते. लिनक्सवर साधारणपणे ८ एमबी, विंडोजवर १ एमबी, आणि पायथॉन तर १,००० कॉलपाशी स्वतःहून थांबवतो. झाडाला दहा पातळ्या पुरतात, पण हजारो फोल्डर एकात एक शिरलेले असतील तर रिकर्शन फुटतं. तिथे लायब्ररीतला स्टॅक हाताशी घ्यायचा. त्याची जागा हीपवर असते, मेमरी पुरेल तेवढी वाढते. झाडासाठी प्रत्येक नोंदीत चार गोष्टी ठेवू: आडवं स्थान, उभं स्थान, दिशा आणि लांबी. पहिली नोंद पुश करायची. मग स्टॅक रिकामा होईपर्यंत एक नोंद काढायची, पेन उचलून कासव तिथे न्यायचं, रेघ ओढायची, आणि टोकापासून निघणाऱ्या दोन फांद्यांच्या नोंदी पुश करायच्या. उलट पावली येणं संपलं, कारण प्रत्येक नोंद आपली जागा सोबत घेऊन येते. शेवटी पुश केलेली फांदी आधी निघते, म्हणून डावी आधी काढायची असेल तर उजवी आधी पुश करायची. दहा पातळ्यांसाठी या स्टॅकवर एका वेळी जास्तीत जास्त दहा नोंदी असतात. स्टॅकच्या जागी क्यू घातली तरी झाड तेच निघतं, पण खोडापासून पातळी-पातळीनं, आणि शेवटच्या पातळीशी रांगेत ५१२ नोंदी उभ्या असतात.